बांधावरचं झाड: पेरू, अर्जुन, ऐन की किंजळ?

प्रश्न थोडक्यात असा. संगमेश्वरजवळ वडिलोपार्जित जागा आहे, तिथे भाताच्या खाचराच्या बांधावर एक उंच रानझाड आहे. विचारणारे मुंबईत राहतात, आषाढात जाऊन आले. फुलं-फळं काही दिसली नाहीत, म्हणून खोडाचा एक आणि पानांचे दोन फोटो काढून आणले. मोबाइलमधल्या ॲपला खोड दाखवलं तर ते ‘पेरू’ म्हणालं, पानं दाखवली तर ‘ऐन’, आणि तिन्ही फोटो एकदम दिले तर ‘अर्जुन’. गावातले चुलते म्हणतात किंजळ. एक लाकूडवालाही किंजळ म्हणूनच भाव सांगून गेलाय. खरं काय?

आधी उत्तर देतो, मग ते कसं काढलं ते सांगतो. माझ्या मते तुमच्या तीन फोटोंत एक झाड नाही, दोन आहेत. खोड नाणा नावाच्या रानझाडाचं आहे. पानं ऐनाची किंवा किंजळाची आहेत, शेजारच्या झाडाची फांदी नाण्याच्या डोक्यात घुसलेली असणार. पेरू सोडला तर यात कोणीच फार चुकलेलं नाही, आणि पेरूही का म्हटलं ते मला कळतं.

पानांपासून सुरू करू. बहुतेक लोक पानाचा आकार बघतात: लांबट, गोल, टोकदार. पंचवीस वर्षं सह्याद्रीत झाडांच्या नोंदी केल्यावर माझं मत असं झालंय की पानाचा आकार ही त्या झाडाने दिलेली सगळ्यात बेभरवशाची साक्ष आहे. फणसाचं रोप बघा, त्याच्या कोवळ्या पानांना खाचा असतात, मोठ्या झाडावर नावालाही नाहीत. वावळ्याच्या रोपाची पानं करवतीसारख्या कडांची, मोठ्या झाडाची साध्या कडांची. आणि कोकणात तर आणखी एक भानगड आहे. राबासाठी, म्हणजे भाताची रोपं करायच्या जमिनीवर जाळण्यासाठी, ऐन-किंजळाचे टाळ (पानांसकट फांद्या) वर्षानुवर्षं तोडले जातात. तोडलेल्या जागी जे नवे धुमारे फुटतात त्यांची पानं इतकी मोठी आणि बेढब असतात, की त्याच झाडाच्या शेंड्याचं पान शेजारी ठेवलं तर दोन्ही एकाच झाडाची आहेत हे पटत नाही. तुमच्या पहिल्या फोटोतलं मोठं पान मला तसल्याच धुमाऱ्यावरचं वाटतं.

मग बघायचं काय? पान फांदीला कसं लागलंय ते. एकच सुटं पान तोडून आणलं की निम्मी माहिती झाडावरच राहते. वीतभर डहाळी हवी, पाच-सहा पेरं दिसतील अशी. पानं समोरासमोर जोडीने आहेत, की एक इकडे एक तिकडे, की फांदीच्या टोकाला झुबक्याने? मोह, बेहडा, कुंभा ही टोकाला झुबका करणारी मंडळी. साग, शिवण, जांभूळ, हेदू, कुडा समोरासमोरची. बिब्बा, असाणा एकाआड एक. सातविणीची तर चक्राकार. नुसत्या या एका गोष्टीने आपल्या भागातल्या झाडांची निम्मी-पाऊण यादी बाद होते.

दुसरं, ते पान साधं आहे की संयुक्त. आपल्याकडे ‘पळसाला पाने तीनच’ म्हणतात ना, शास्त्राच्या हिशेबाने ते एकच पान आहे, तीन पर्णिकांचं. ओळखायची खूण सोपी: पानाचा देठ जिथे फांदीला टेकतो त्या बेचक्यात कोंब असतो. पर्णिकेच्या बेचक्यात नसतो. बिवळ्याची डहाळी हातात घेतली तर एका दांड्यावर पाच-सात पानं दिसतात, पण कोंब त्या दांड्याच्या बुडाशीच सापडतो, म्हणजे तो अख्खा दांडा हे एक पान. खानदेशातला अंजन आणि आपला आपटा यांत याच कारणाने गोंधळ होतो. आपट्याचं पान एकच, मध्ये खाच असलेलं. अंजनाच्या दोन पर्णिका बुडाशी जोडलेल्या पण वेगवेगळ्या. (दसऱ्याला ‘सोनं’ म्हणून अर्धं शहर कांचनाच्या फांद्या ओरबाडून आणतं, तो तर वेगळाच विषय. कांचनाचं पान मोठं, आपट्याचं लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त.)

आता तुमचा तिसरा फोटो, ज्यात पान उलटं पडलंय. तो तुम्ही बहुधा चुकून काढलात, पण तिघांत तोच कामाचा. फोटो मोठा करून देठ पात्याला जिथे मिळतो तिथे बघा. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना तिळाएवढे दोन फुगवटे दिसतात, चामखिळीसारखे. या ग्रंथी. कोवळ्या पानात त्यांतून गोड रस पाझरतो आणि मुंग्या तिथे घोटाळतात. ऐन, किंजळ, अर्जुन, हिरडा, बेहडा हे सगळं एकच घराणं आणि या ग्रंथी म्हणजे त्या घराण्याचं कुंकू म्हणा. जागा थोडी बदलते, बेहड्यात त्या देठावर सरकलेल्या असतात, हिरड्यात देठाच्या वरच्या टोकाशी. तुमच्या पानात त्या पात्याच्या बुडाशी, खालच्या अंगाला आहेत. म्हणजे ऐन, किंजळ किंवा अर्जुन. ॲपने ऐन म्हटलं ते बरोबर दिशेने होतं.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. खोडाच्या फोटोने घोळ केला.

ऐनाची साल एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. काळपट राखाडी, उभ्या-आडव्या खोल भेगांनी चौकोनी तुकडे पडलेली, मगरीच्या पाठीसारखी. जाड इतकी की वणवा बुंध्याला चाटून गेला तरी झाड उभं राहतं. किंजळाची सालही काळपट आणि खरबरीत, मात्र भेगा उथळ. तुमच्या फोटोतलं खोड यातलं काहीच नाही. ते गुळगुळीत आहे, पांढरट-बदामी, आणि त्यावरून सालीचे पातळ लांब पापुद्रे सुटून कडेला गुंडाळलेत. खालची नवी साल फिकट. पेरूच्या खोडाशी याचं साम्य आहेच, म्हणून ॲप पेरू म्हणालं. आणि गुळगुळीत खोड अधिक ग्रंथीवाली पानं अशी बेरीज केली की उत्तर अर्जुन येतं. ॲपची गोष्ट सोडा, एखादा वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थीही हीच बेरीज करील, आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतील.

मला अर्जुन का पटत नाही? एक, जागा. अर्जुन हे नदी-ओढ्याच्या काठचं झाड. लावलेला असेल तर कुठेही दिसेल, रस्त्याकडेला पुष्कळ लावलेत, पण तुम्ही म्हणता हे रानातलं आपसूक आलेलं जुनं झाड आहे, आणि जागा उताराची, कातळाच्या वरच्या अंगाची. दोन, साल. अर्जुनाची साल पसरट, सपाट खपल्यांनी सुटते, हाताच्या पंजाएवढे तुकडे पडतात. तुमच्याकडचे पापुद्रे कागदाच्या पट्ट्यांसारखे लांब आहेत. आणि तीन, हे महत्त्वाचं: खोडाच्या फोटोत उजवीकडे वर कोपऱ्यात एक डहाळी आलीय, तुमचं तिच्याकडे लक्षही गेलं नसेल. तिची पानं समोरासमोर, आखूड देठाची, आणि वाऱ्याने उलटलेल्या दोन पानांची खालची बाजू फिकट पांढुरकी दिसते. ती पानं तुम्ही जवळून काढलेल्या पानांसारखी नाहीत. खोड त्या डहाळीचं आहे.

तो नाणा. काही जण बोंडारा म्हणतात, पण बोंडारा हे नाव त्याच्या एका भावालाही आहे. आपलं राज्यफूल ताम्हण, त्याचाच हा रानातला सख्खा चुलतभाऊ; फुलं मात्र लहान आणि पांढरी. कूळ मेंदीचं, त्यात डाळिंबही येतं. ऐन-अर्जुनाशी त्याचा काही संबंध नाही, पानाच्या बुडाशी ग्रंथी नाहीत. कोकणातल्या पानझडी रानात ऐन, किंजळ आणि नाणा हे तिघं इतके बरोबरीने उभे असतात, की एकाच्या फांद्या दुसऱ्याच्या डोक्यात जाणारच. खालून हाताला येणारी फांदी शेजाऱ्याची आणि डोळ्यांसमोरचं खोड भलत्याचं, हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिलाय, की आता कोणीही फोटो दाखवला तर माझा पहिला प्रश्न असतो: ही फांदी याच खोडातून निघालीय हे नजरेने वरपर्यंत जाऊन पाहिलंत का?

या बाबतीत माझीही फजिती झालेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एकदा मुळशीच्या बाजूला एका आंब्यासारख्या दिसणाऱ्या झाडाची डहाळी आणली होती. पानं जाड, चामड्यासारखी, शिरा धड दिसेनात. चुरडली तर वास नाही. दुपारभर पुस्तकं चाळली, कुठल्याच झाडाशी जमेना. संध्याकाळी चहा घेताना एका जाणत्या सहकाऱ्याने डहाळी हातात घेतली आणि न हसता म्हणाले, ‘झाड आंब्याचंच आहे, तू आणलंयस ते बांडगूळ.’ तेव्हापासून मी डहाळी तोडण्याआधी तिचा फांदीशी असलेला सांधा बघतो. तिथे गाठीसारखा फुगवटा असेल आणि पुढची पानं बाकीच्या झाडाहून वेगळी दिसत असतील तर ते पाहुणं आहे.

सालीबद्दल दोन-चार गोष्टी आणखी, कारण फोटोवरून साल ओळखताना लोक नेमके तिथेच फसतात. बुंध्याची साल बघू नका. मातीचे शिंतोडे, वाळवीची माती, गुरांनी घासलेलं अंग, असं सगळं तिथे जमा असतं. छातीच्या उंचीवर बघा, आणि मग नजर वर न्या. जाड फांदीची साल, बारीक फांदीची साल, या तिन्ही वयांच्या साली एकाच झाडावर वाचायला मिळतात. सावरीच्या आणि असाण्याच्या कोवळ्या खोडावर चांगले जाड काटे असतात, म्हाताऱ्या बुंध्यावर ते झडून गेलेले, मग काट्यांशिवायचं झाड पाहून माणूस म्हणतो हा असाणा नव्हेच. वर बघा, फांद्यांवर काटे सापडतील. पावसाळ्यात तर कोकणातली निम्मी खोडं शेवाळ आणि दगडफुलाने माखलेली असतात. त्या हिरव्या-पांढऱ्या ठिपक्यांना सालीचा रंग समजू नये. तुमचा फोटो आषाढातला आहे, नशीब की नाण्याची साल सतत सुटत असते, त्यामुळे तिच्यावर शेवाळाला फारसं टिकता येत नाही.

कोयता मारून आतली साल बघायची पद्धत जुन्या वनखात्याच्या लोकांत होती. उपयोग होतो हे खरं, पण हौसेखातर झाडाला जखम करू नका. जुनी जखम बहुतेक खोडांवर असतेच, कोणीतरी खिळा ठोकलेला असतो, गुराख्याने घाव घातलेला असतो. तिथे काय पाझरलंय ते बघा. बिवळ्याच्या जखमेतून रक्तासारखा लाल डिंक येऊन वाळलेला असतो. पान न बघता झाड कळतं.

पानाचा चीक बघायचा असेल तर देठाजवळ पान मोडा आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. मोह, कुडा, सातवीण, वड-उंबर यांतून पांढरा चीक येतो. पण इथे सावध राहा. पान हातभर मोठं, टोकाकडे रुंद आणि खालून राखाडी-पांढरं दिसलं तर मोडू नका, तो बिब्बा असू शकतो. बिब्बा उतला की काय होतं ते मी मनगटावर पंधरा दिवस भोगलंय. खाडीकाठी खारफुटीत असाल तर कसलाही पांढरा चीक डोळ्याजवळ नेऊ नका, गेव्याचा चीक डोळ्यांना फार वाईट. आणि हिवाळ्यात झाडाखाली उभं राहण्याआधी वर एकदा खाजकुइली लटकत नाहीये ना ते बघून घ्या. हे शास्त्रात बसत नाही, पण अनुभवात बसतं.

वास मात्र बेधडक घ्या. जांभळाचं पान चुरडलं की जांभळाचाच वास येतो, आणि उजेडासमोर धरलं तर कडेला समांतर धावणारी एक बारीक शीर दिसते. वावळ्याच्या पानाला उग्र दर्प असतो. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो, हे तर कोकणातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं.

आता चुलत्यांच्या ‘किंजळ’कडे येऊ. गावातल्या जाणत्याने सांगितलेलं नाव मी कधी उडवून लावत नाही, ते पुरावा म्हणून वहीत लिहितो. मात्र नाव कुठल्या मुलखातलं आहे तेही लिहितो. ‘अंजन’ म्हटलं की खानदेश-विदर्भात एक झाड, आणि महाबळेश्वरकडे ‘अंजनी’ म्हणजे निळ्या फुलांचं भलतंच. ‘सादडा’ कुठे ऐनाला म्हणतात, कुठे अर्जुनाला. तुमच्या चुलत्यांनी आयुष्यभर किंजळाचे टाळ तोडले असतील तर पानाच्या बाबतीत त्यांचा शब्द माझ्या फोटोवाचनापेक्षा वजनदार. माझी शंका एवढीच आहे की ते शेजारच्या झाडाबद्दल बोलत होते आणि तुम्ही या झाडाबद्दल ऐकत होतात.

नुसत्या पानांवरून ऐन की किंजळ हे छातीठोकपणे मी सांगणार नाही. धुमाऱ्यावरचं पान असेल तर तेवढंही जमत नाही. पण त्या शेजाऱ्याच्या बुंध्यापाशी गेलात तर साल निम्मं काम करेल: खोल चौकटी असतील तर ऐन. उरलेलं काम फळं करतील, आणि ती झाडावरच असायला हवीत असं नाही. गेल्या वर्षीची वाळकी फळं बांधाच्या दगडांत, पाचोळ्याखाली अडकलेली मिळतात. पाच रुंद पंख असलेलं, वाळून तपकिरी झालेलं फळ असेल तर ऐन. पंखावर बोट फिरवा: ऐनात रेघा मधल्या कण्यापासून सरळ आडव्या कडेपर्यंत जातात. अर्जुनाचं फळही पाच पंखांचंच, पण त्यातल्या रेघा वर वळत जातात. किंजळाचं फळ अगदी छोटं, एक पंख मोठा आणि दोन नावापुरते. हातात घेतल्यावर शंका उरत नाही. नाण्याखाली काय मिळेल? लहान, लाकडासारखी कडक बोंडं, तीन-चार फाकांत उकललेली. ती रिकामी बोंडं शेंड्याच्या फांद्यांवरही बरेच दिवस तशीच राहतात, दुर्बीण असेल तर खालूनही दिसतील.

लाकूडवाल्याला इतक्यात हो म्हणू नका. ऐन आणि किंजळ दोन्ही १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीतली झाडं आहेत, आपल्या मालकीच्या जागेतलं असलं तरी परवानगीशिवाय पाडता येत नाही. नाण्याच्या बाबतीतही आधी तालुक्याच्या वन कार्यालयात विचारा. शिवाय नाण्याचं लाकूड काही कमअस्सल नाही, बाजारात बेनटीक म्हणून ओळखतात ते हेच. अंदाजे बोललेल्या भावात कोणाचा फायदा होतो ते तुम्हीच ठरवा.

गणपतीला गावी जाल तेव्हा एवढं करा. चुलत्यांना बांधावर घेऊन जा आणि ‘किंजळ कुठलं?’ असं विचारून त्यांना खोडाला हात लावायला सांगा. बोटाने दाखवणं चालणार नाही, बोटाच्या रेषेत दोन झाडं येतात. मग त्याच खोडातून निघालेली वीतभर डहाळी घ्या, पान सुलटं-उलटं, देठाचा सांधा, छातीच्या उंचीवरची साल आणि पूर्ण झाड असे फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा निदान एखादं नाणं ठेवून. डहाळी जुन्या वर्तमानपत्रात दाबून आणा, रोज कागद बदला, नाहीतर कोकणातल्या दमटपणात दोन दिवसांत बुरशी धरेल. किंजळ असेल तर त्याच सुमारास शेंड्याला पिवळट पांढरे तुरे यायला लागलेले असतील, ऐनाचा बहर तोवर सरलेला असतो. तेव्हाही कळलं नाही तर दिवाळीला लांबून, समोरच्या टेकाडावरून बघा. किंजळाचा माथा फळांनी गंजलेल्या पत्र्यासारखा तांबूस झालेला दिसतो, आणि शेजारचा नाणा तसाच हिरवा.